नाव पुसलं, झोका चालूच

ज्यानं आज आपल्याला या मांडवात आणून बसवलं, त्याला आधी हात जोडा. जोडलेत? आता तेच हात मांडीवर ठेवा, फोनवर नको! मागच्या खांबाशी टेकलेल्या सूनबाई, तुम्हालाच म्हणते. देव समोर उभा आहे, डोळ्यांनी बघा. त्याला फोनमध्ये कोंडून घरी नेऊन काय करणार? तिथं तरी जागा आहे का?

हं! जागा! त्याच शब्दावर आज आख्यान लावायचं आहे. मंडळी, ऐका. प्रश्न एवढासा आहे, पण भल्याभल्यांच्या घशात अडकतो.

टाकलं म्हणजे सुटतं का?

फुटका माठ परसात टाकता. घरातनं गेला म्हणता. मग संध्याकाळी वाळत घातलेलं लुगडं आणायला गेलात की ठेच कशाची लागते? त्याच माठाची! बरं, माठाचं सोडा. माणूस टाकलं तर? पोटचं माणूस टाकलं तर सुटतं?

टाकिले टाकिले, बोलतसे वाचा ।
आत तो कोणाचा, हात धरी ॥

मृदंगबुवा, जरा हळू. आज ताल झोक्याचा हवाय. जातो... येतो... जातो... येतो. असा. शाबास.

तर नदीच्या वळणावर बोरवडी नावाचं गाव. गावात महादेवाचं देऊळ, आणि देवळाच्या गल्लीत रंगनाथ गुरवाचं घर. पहाटे देवाची पूजा करायची, आणि दिवसभर घराच्या पुढच्या खोलीत फोटो काढायचे – हा त्याचा संसार. पाटी होती, 'श्रीरंग फोटो स्टुडिओ'. आत भिंतभर एक रंगवलेला पडदा. पडद्यावर निळं तळं, तळ्यात दोन हंस, काठावर संगमरवरी पायऱ्या आणि एक माड. आता बोरवडीत कुठलं तळं आणि कुठला माड! पण गावातल्या प्रत्येक नवराबायकोचा फोटो बघा – सगळ्या गावाचा संसार त्या एकाच तळ्याकाठी थाटलेला! वारा आला की पडदा हलायचा, हंस पोहायचे, आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा वाटायचं, आपण कुठंतरी लांब आलो.

रंगनाथाचा हात मोठा नेटका. लग्नाचं शूटिंग काढावं तर त्यानंच. आणि नाक? नाक त्याच्याहून मोठं! "बोरवडीतल्या सगळ्या पोरी मी सासरी धाडल्या," म्हणायचा, "एकीच्याही पदराला वाकडी चुणी दिसायची नाही!"

आणि त्याचीच पोरगी, मंजुळा, त्याला न विचारता कोर्टात लग्न करून आली.

पोरगा वाईट नव्हता हो. नदीपलीकडं पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. हसरा, कष्टाळू. पण बापाला विचारलं नाही! आणि मंडळी, खरं दुखलं कुठं सांगू? लग्नाचे फोटो काढले पोराच्या मित्रानं, फोनवर. वाकडे! नवरीचं डोकं वरनं कापलेलं! ज्यानं गावाच्या पोरींची लग्नं काढली, त्याच्या पोरीच्या लग्नाचा धड एक फोटो नाही. रंगनाथानं ते फोटो बघितले, फोन बायकोच्या हातात दिला, आणि सरळ नदीवर गेला. पोरीच्या नावानं आंघोळ केली. ओलेत्यानं दारात आला न् म्हणाला, "मला मुलगी नाही."

बायको कौसल्या. ती रडली नाही, भांडली नाही. तिनं टॉवेल पुढं केला. एवढंच म्हणाली, "डोकं पुसा. सर्दी होईल."

बघा हं! ज्या बाईनं भांडायला हवं ती टॉवेल देते, तेव्हा समजावं – आत कुठंतरी हिनं काहीतरी घट्ट धरलंय!

दिवस गेले, श्रावण आला. पंचमी जवळ आली. बोरवडीची एक रीत होती. पंचमीला माहेरवाशिणी यायच्या, देवळामागच्या लिंबाला झोका बांधायचा, आणि रंगनाथानं सगळ्यांचं शूटिंग काढायचं. मग घरोघरच्या आया वर्षभर ते बघत बसायच्या. पोरगी सासरी, पण झोका घरात! पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी मंजुळाचा आईला फोन आला. "आई, सगळ्या येणार. मी येऊ?" कौसल्यानं दाराकडं बघितलं. रंगनाथ पूजा आटोपून गल्लीच्या तोंडाशी दिसत होता. "सांगते," म्हणाली, न् फोन ठेवला. काय सांगणार? सांगणं तिच्या हातात होतं का?

रंगनाथ आला, कॉम्प्युटरपुढं बसला, उद्याची तयारी करायला लागला. तर मशीन म्हणतं, जागा नाही! पट्टी लालभडक, काठोकाठ भरलेली. लग्नं, बारशी, वास्तुशांती – सगळं गाव त्या डबड्यात दाटीवाटीनं बसलेलं.

आता काय काढावं? लोकांची लग्नं टाकून देता येईनात. खाली खाली सरकत गेला, आणि एका नावावर हात थांबला. 'मंजुळा झोका.'

मंडळी, हे काय होतं ऐका. दर पंचमीला रंगनाथ आपल्या पोरीचा झोका काढायचा. लहान होती तेव्हापासनं. आणि हौशी माणूस तो, त्यानं ते सगळे झोके एकाला एक जोडले होते. कसे? झोका वर जायचा तेव्हा पोरीला दुधाचे दात. खाली यायचा तेव्हा दात पडलेले, बोळकं! पुन्हा वर जायचा तो दोन वेण्या घेऊन, खाली यायचा तो एक लांब वेणी घेऊन. वर परकर, खाली ओढणी. एका झोक्यात वर्ष सरायचं. मागं लिंब तोच, आभाळ तेच, ऊन तेच कोवळं हिरवं. पोरगी मात्र जाताना एक, येताना दुसरी. बघणाऱ्याला गुंगी यायची. वाटायचं, काळ म्हणजे दुसरं काय? कुणीतरी मागनं हलकेच ढकलतंय, आणि आपण जातोय, येतोय...

त्यात जुनं, कच्चं, न कापलेलं सगळंच भरलेलं. म्हणून ती फाइल ही एवढी अगडबंब!

ज्या हातानं नदीत बुडी मारली, त्याच हातानं बटण दाबलं. डिलीट! नाव गेलं.

पट्टी? लालच.

"अरे हो," म्हणाला, "कचरापेटीत जातं आधी." बरोबर आहे. आपणसुद्धा केर काढतो न् सुपलीत भरून दाराआड ठेवतो. घर झाडलं म्हणतो! त्यानं कचरापेटी उघडली, तीही रिकामी केली. मशीननं विचारलं, नक्की? तो म्हणाला, नक्की!

पट्टी? लालच!

माणूस चक्रावला. नाव नाही, पेटीत नाही, शोधलं तर सापडत नाही – मग जागा अडवून बसलंय कोण? भूत? टेबलावर थाप मारली, चष्मा पुसला, महादेवाचं नाव घेतलं. देवाला काय काम नाही का हो दुसरं?

तेवढ्यात वीज गेली. श्रावणातली वीज, आली तर पाहुणी, गेली तर सासुरवाशीण! इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर तेवढा चालू राहिला. रंगनाथानं वर बघितलं, पंखा बंद. स्वयंपाकघरातला दिवा बंद. देव्हाऱ्यातला छोटा बल्बसुद्धा बंद.

"अगं, पंखा का बंद केलास? घामाच्या धारा लागल्यात!"

पडद्यामागनं कौसल्याचा आवाज आला, "बॅटरी पुरायला हवी ना."

त्याला वाटलं, आपल्या कामाची किती काळजी बाईला! मनात म्हणाला, अशी बायको भाग्यानं मिळते. आता हसू नका! तुम्हालाही असंच वाटतं, आणि तुमचंही असंच फसतं.

दुपार चढली. गल्ली पेंगली. बाहेर ऊन न् पावसाचा बारीक शिडकावा एकदमच, सगळं गाव ओल्या काचेमागं ठेवल्यासारखं. रंगनाथाचे डोळे जड झाले. अर्धवट झोपेत त्याची नजर पडद्याकडं गेली.

आणि तळं हलत होतं.

वारा नव्हता हो! पान हलत नव्हतं. पण त्या रंगवलेल्या तळ्यात आतनं उजेड आला होता. पाण्यावर चांदणं उतरावं तसा मऊ उजेड. हंसांच्या पोटाखालनं तो जात होता... येत होता. जात होता... येत होता. रंगनाथाला वाटलं, आपण त्या पायऱ्यांवर बसलोय, पाय पाण्यात सोडलेत, आणि कुणीतरी लहान हातांनी आपल्या पाठीला झोका देतंय. त्याला एकदम बरं वाटलं. किती दिवसांनी बरं वाटलं! आणि बरं वाटलं म्हणूनच तो दचकून जागा झाला. आंघोळ केलेल्या माणसाला असं बरं वाटून चालतं का?

त्यानं फोन उचलला. त्याची भाची रेवती, पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करायची. तिनंच त्याच्या मशीनमध्ये ती फुकटातली सिस्टीम घालून दिली होती. फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"रेवती, मामा बोलतोय. फाइल टाकली, जागा काही सुटेना!"

"कचरापेटी रिकामी केलीत, मामा?"

"केली. तरी लाल."

"मग ती फाइल कुठंतरी उघडी आहे. तुमच्या सिस्टीमचं असंच असतं मामा. चालू असलेली फाइल तुम्ही पुसलीत, तर नुसतं नाव पुसतं. जो तिला धरून बसलाय, तो सोडत नाही तोवर आतली जागा सुटत नाही. सोपं आहे, मशीन एकदा बंद करून चालू करा. हात आपोआप सुटेल."

"मग जागा येईल?"

"येईल. फाइल मात्र कायमची गेली. देवानं मागितली तरी मिळायची नाही."

"नकोच आहे!" म्हणाला, न् बटणाकडं हात नेला.

"थांबा!"

मंडळी, आवाज तळ्यातनं आला!

रंगनाथानं पडदा बाजूला केला. मागं, भिंतीकडं तोंड करून, गिऱ्हाइकाला फोटो दाखवायचा जुना मॉनिटर ठेवलेला. वायर याच कॉम्प्युटरची, माऊस तेवढा वेगळा. आणि त्याच्यापुढं पाटावर कौसल्या, मांडीत शेंगा सोलायचं सूप. समोर झोका चाललेला. आवाज नाही, नुसता झोका. दुधाचे दात वर गेले, बोळकं खाली आलं.

"कधीपासनं?"

"रोज," कौसल्या म्हणाली. "तुम्ही पूजेला गेलात की लावते. आज लावला न् तुम्ही आलात. मग यादीतलं नाव गेलं. मला वाटलं आता हेही थांबणार. पण थांबलं नाही. पोरीचं नाव नाही, गाव नाही, झोका चालूच. मग मी पंखे बंद केले."

रंगनाथ लाल झाला, त्या पट्टीसारखाच. "बंद कर! आत्ता!"

"माझा हात उठायचा नाही. आंघोळ तुम्ही केलीत, हेही तुम्हीच करा." तिनं माऊस त्याच्या हातात दिला. "पण मुकं मारू नका. आवाज ऐका, मग मारा."

आणि तिनं आवाज वाढवला.

पोरीचं हसणं आलं. बांगड्या किणकिणल्या. आणि मग कॅमेऱ्याच्या मागनं, जवळनं, एका तरुण माणसाचा आवाज – "धर घट्ट, मंजे! सोडू नको! आबा आहे ना इथं!" झोका फिरला, वर्ष सरलं, आवाज थोडा जाड झाला – "धर घट्ट! सोडू नको!" पुन्हा वर्ष सरलं. पुन्हा तोच – "सोडू नको, मंजे!"

रंगनाथाला आपण असं बोलायचो हे आठवतच नव्हतं. माणसाला आपलं बोलणं कुठं आठवतं? त्याला वाटायचं, त्या शूटिंगमध्ये पोरगी आहे. त्यात बाप होता! तोच पुसला होता त्यानं. बोट बटणावर, आणि बोट खाली जाईना. तो खाली बसला, पाटाच्या कडेला, शेंगांच्या टरफलांत. झोका जात होता, येत होता, न् त्या उजेडात दोघांची तोंडं उजळत होती, विझत होती.

तेवढ्यात – टीं! टीं! इन्व्हर्टर ओरडला. बॅटरी संपत आली!

कौसल्या त्याच्याकडं बघायला लागली.

फोनमधनं रेवती ओरडत होती, "मामा? मामी? आहात का कुणी?"

"रेवती," रंगनाथ म्हणाला, "जोवर धरलंय... तोवर परत काढता येतं का गं?"

"येतं, मामा! धरलंय तोवर सगळं येतं. पण उतरवून ठेवायला तेवढी जागा लागेल. दुसरं काहीतरी मोठं टाका. लवकर!"

रंगनाथ धावला. काय टाकू? हे पाटलांच्या घरचं लग्न, नको. हे बारसं, नको. टीं! टीं! आणि दिसलं! अगडबंब, पोरीच्या झोक्याहून मोठं. गेल्या साली गावच्या मंडळानं केलेला त्याचा स्वतःचा सत्कार. 'आदर्श कुटुंबप्रमुख – श्री. रंगनाथ गुरव.' तीन बाजूंनी शूटिंग! शाल एका बाजूनं, नारळ दुसऱ्या बाजूनं, आणि भाषणं मेली तिन्ही बाजूंनी!

डिलीट! कचरापेटी! नक्की? नक्की!

आणि मंडळी, पट्टी क्षणात हिरवी झाली. झाडाखालची सावली सरकावी तशी जागा मोकळी झाली. का? सांगा, का?

त्याला धरून बसलेलं कुणी नव्हतं!

रेवती फोनवर एकेक अक्षर सांगत होती, रंगनाथ एकेक बटण दाबत होता. पट्टी सरकायला लागली. मुंगीच्या पावलानं. टीं... टीं... कौसल्यानं हात जोडले नव्हते, तिनं पडद्याची कड मुठीत धरली होती. झोका वर गेला, वेणी घेऊन. खाली आला, ओढणी घेऊन. पट्टी काठाला टेकली.

"उतरलं!" रेवती म्हणाली.

आणि सगळं विझलं. तळं विझलं, हंस विझले. खोलीत नुसती ओली, करडी दुपार राहिली, न् दोन माणसं.

रंगनाथ कौसल्याला म्हणाला, "तिचा नंबर लाव."

कौसल्यानं लावला, त्याच्या हातात दिला.

"हॅलो, आई? काय म्हणाले?"

"आई नाही."

"आबा?"

मोठं नाक असलेल्या माणसाला बोलणं किती अवघड! म्हणाला, "उद्या झोक्याचं शूटिंग आहे. दरसालचं जोडायचं असतं. या सालचा तुकडा नाही."

"आबा, तुम्ही माझ्या नावानं आंघोळ केली होतीत ना?"

"केली गं," रंगनाथ म्हणाला. "गुरव आहे मी. आंघोळ रोजच करतो. ती कसली धरून बसतेस?"

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली बायकांची ही गर्दी! मंजुळा आली, हिरव्या साडीत, झोक्यावर चढली. रंगनाथ कॅमेऱ्यामागं. झोका गेला, आला. गेला, आला. रंगनाथ नुसता शूटिंग काढत राहिला. तेव्हा पोरगीच वरनं ओरडली, "आबा, म्हणा की!"

"धर घट्ट!" तो म्हणाला. "सोडू नको!" आणि हे म्हणताना कॅमेरा हलला. आयुष्यात पहिल्यांदा रंगनाथ गुरवाचं शूटिंग हललं! तो तुकडा त्यानं कापला नाही, तसाच जोडला.

बाजूला जावई फोनवर फोटो काढत होता, वाकडा. रंगनाथ खेकसला, "डोकं कापू नका तिचं, जावईबापू! खाली बसा, मग काढा!" मंडळी, बोरवडीत आशीर्वाद असाच देतात.

झालं आख्यान. आता उठायच्या गडबडीत चपला शोधू नका, मी तुमच्याकडंच वळतेय.

तुम्ही कुणाच्या नावानं आंघोळ केलीय? भाऊ? सून? बांधावरचा शेजारी? नाव घ्यायचं नाही म्हणून घरात दंडक घातलात, फोटो खाली उतरवलात, न् वर विचारता, छाती का भरल्यासारखी वाटते? जीव का कोंडतो? अहो, नाव पुसलंत, जागा कशी सुटेल? तुमच्याच घरात, तुमच्याच पडद्यामागं, कुणीतरी पंखा बंद करून, घाम पुसत, त्याला धरून बसलंय! तिला विचारलंत कधी? की टॉवेल घेऊन गप्प झालात?

आणि जागाच करायची असेल, तर सोपं टाका. आपला सत्कार टाका. झटकन सुटतो. त्याला कुणी धरलेलं नसतं, दुसऱ्यानं तर नाहीच नाही!

घरी जा. दिवा लावायच्या आधी पडद्यामागं बघा. हलतंय का काही? जातंय... येतंय... मग बटणाकडं हात नेऊ नका. पाटाच्या कडेला बसा जरा. आवाज वाढवा. त्यात तुमचाच आवाज निघेल, बघा!

टाकिले टाकिले, बोलतसे वाचा ।
आत तो कोणाचा, हात धरी ॥

ज्यानं आपल्याला धरलंय, त्यानं सोडलं नाही म्हणून आपण इथं बसलोय. म्हणा त्याचं नाव – आणि एकेक जण जपून उठा, पोरं झोपलीत.